चार चाके फिरतात, तरी जीप का अडते?

एक दृश्य डोळ्यांपुढे आणा. खडकाळ चढणीवर एक जीप उभी आहे. तिचे पुढचे डावे चाक एका धोंड्यावर चढले आहे आणि मागचे उजवे चाक दुसऱ्या धोंड्यावर. त्यामुळे उरलेली दोन चाके, म्हणजे पुढचे उजवे व मागचे डावे, जमिनीपासून वीतभर वर लटकत आहेत. चालक ॲक्सिलरेटर दाबतो. लटकणारी चाके गरगर फिरू लागतात. धोंड्यांवर टेकलेली चाके मात्र ढिम्म हलत नाहीत. इंजिन ठणठणीत आहे, टाकीत इंधन आहे, चारही चाकांना शक्ती पोचविण्याची सोयही आहे. पण जीप बोटभरही पुढे सरकत नाही.

असे का व्हावे? या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता आपल्याला आणखी एका प्रश्नाचे उत्तर मिळेल. एखादी वाट मोटारीला खरोखर अवघड असते ती कशामुळे? चढ फार म्हणून? दगड मोठे म्हणून? की चिखल आहे म्हणून? बहुतेकांना वाटते की, इंजिन पुरेसे दांडगे असले म्हणजे कोणतीही वाट सर होते. हा समज कितपत खरा आहे ते आपण पाहू. त्यासाठी तुमच्या पाठ्यपुस्तकातील घर्षण, तरफ आणि गुरुत्वमध्य एवढे ज्ञान पुरेसे आहे.

एक प्रसिद्ध वाट

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात सिएरा नेवाडा नावाची पर्वतरांग आहे. तेथे ताहो सरोवराच्या पश्चिमेस रुबिकॉन ट्रेल नावाची एक वाट आहे. तिची लांबी सुमारे ३५ किलोमीटर. चांगल्या सडकेवर एवढे अंतर मोटार अर्ध्या-पाऊण तासात तोडील. या वाटेवर मात्र अनेक जण दोन-तीन दिवस घेतात. १९५३ सालच्या ऑगस्ट महिन्यात जॉर्जटाउन गावाहून जीपगाड्यांचा पहिला मोठा तांडा या वाटेने गेला. त्यात पन्नासहून अधिक जीप होत्या. तेव्हापासून चारही चाकांनी चालणाऱ्या गाड्यांची कसोटी पाहणारी वाट म्हणून तिचे नाव झाले.

या भागातील खडक ग्रॅनाइटचा आहे. सुमारे १० कोटी वर्षांपूर्वी जमिनीखाली खोलवर शिलारस हळूहळू थिजून तो तयार झाला. पुढे हिमयुगात हिमनद्यांनी तो घासून गुळगुळीत केला आणि जागोजागी मोठमोठे धोंडे टाकून दिले. ऊन, पाऊस व बर्फ यांमुळे ग्रॅनाइटचा वरचा थर झिजतो आणि त्याचे खड्यांसारखे रवे सुटे होतात. म्हणजे खाली गुळगुळीत कातळ, त्यावर छर्ऱ्यांसारखी सुटी रेव, आणि अधूनमधून माणसाच्या कमरेएवढे धोंडे. आता अशा वाटेवर जीपची गाठ कोणकोणत्या नियमांशी पडते ते क्रमाने पाहू.

इंजिनाची ताकद किती लागते?

विलिस जीप दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागली. त्या विलिस जीपचे इंजिन अवघे ६० अश्वशक्तीचे होते. आजच्या अनेक छोट्या मोटारींचे इंजिनही याहून शक्तिमान असते. मग तिने डोंगर कसे पार केले?

याचे रहस्य दातेरी चक्रांत आहे. चाक फिरविणाऱ्या बलाच्या आघूर्णाला गॅरेजमध्ये टॉर्क म्हणतात. या इंजिनाचा जास्तीत जास्त टॉर्क सुमारे १४२ न्यूटन-मीटर होता. जीपमध्ये नेहमीच्या गिअरपेटीला जोडून आणखी एक गिअरपेटी असते. तिच्यातून पुढच्या चाकांना शक्ती मिळते आणि तिच्यात 'लो' नावाचा वेग कमी करणारा गिअरही असतो. विलिस जीपचा पहिला गिअर २.६७ पट, लो गिअर १.९७ पट आणि आसावरील दंतचक्रे ४.८८ पट वेग कमी करीत. या तिन्हींचा गुणाकार सुमारे २५.६ येतो. वेग जितक्या पटीने कमी, तितक्या पटीने टॉर्क जास्त, हे तुम्हाला ठाऊक आहेच. म्हणून चाकांना एकंदर मिळणारा टॉर्क १४२ × २५.६ म्हणजे सुमारे ३,६४० न्यूटन-मीटर. चाकाची त्रिज्या ०.३६ मीटर धरली, तर जीपला पुढे ढकलणारे बल सुमारे १०,१०० न्यूटन होते.

समजा, माणसे व सामान धरून जीपचे वस्तुमान १,३०० किलोग्रॅम आहे. म्हणजे वजन सुमारे १२,७०० न्यूटन. ३० अंशांच्या चढावर ती खाली घसरू नये म्हणून याच्या निम्मे, सुमारे ६,४०० न्यूटन बल लागेल. दंतचक्रांच्या घर्षणात काही बल वाया जाईल. समुद्रसपाटीपासून २,००० मीटर उंचीवर हवा जवळजवळ एकपंचमांशाने विरळ असते, त्यामुळे इंजिनही तेवढे अशक्त होईल. तरीसुद्धा निसटते का होईना, बल पुरते! तेच इंजिन लो गिअर न वापरता टॉप गिअरमध्ये चालविले, तर साधारण ७ अंशांच्या चढावरच दमून बंद पडेल.

या गिअरचा आणखी एक फायदा आहे. इंजिन मिनिटाला १,००० फेरे घेत असताना जीपचा वेग ताशी ५ किलोमीटरच्या आसपास राहतो, म्हणजे आपल्या चालण्याएवढा. खडकाळ वाटेवर हा मंदपणाच उपयोगी पडतो. चाक दगडावर आपटत नाही, आणि चालकाला पुढचा दगड पाहून विचार करायला वेळ मिळतो.

चाक आणि जमीन यांचा करार

इंजिनाने बल दिले, पण जमिनीने ते स्वीकारले पाहिजे. चाक जमिनीला मागे ढकलते आणि जमीन चाकाला पुढे ढकलते. या देवघेवीची मर्यादा घर्षण ठरविते. ज्या कोनाला वस्तू उतारावरून घसरू लागते, त्या कोनाचे टॅन गुणोत्तर म्हणजे घर्षणांक. म्हणून घर्षणांक ०.६ असेल, तर चारही चाकांना शक्ती असलेली गाडी फार तर ३१ अंशांचा चढ चढेल. ओल्या चिखलात तो ०.३ झाला, तर १७ अंशांच्या पलीकडे काही चालणार नाही. मग इंजिन ६० अश्वशक्तीचे असो की ६०० अश्वशक्तीचे! जास्तीची शक्ती चाक जागच्या जागी फिरविण्यात आणि चिखल उडविण्यात खर्च होईल.

चारही चाकांना शक्ती का द्यायची, हेही यावरून कळते. घर्षण त्या चाकावर पडणाऱ्या भाराच्या प्रमाणात असते. फक्त मागची चाके फिरणारी असतील, तर पुढच्या चाकांवरचा भार चढताना कामी येत नाही. चढावर भार मागे सरकतो हे खरे. पण ३० अंशांच्या चढावरही मागच्या चाकांवर साधारण दोनतृतीयांशच भार येतो. म्हणून चार चाकांच्या गाडीला जेथे ०.५८ घर्षणांक पुरतो, तेथे दोन चाकांच्या गाडीला ०.८५ च्या आसपास लागतो.

जमिनीच्या स्वभावाचा एक गमतीदार दाखला अमेरिकेच्याच यूटा राज्यात मोॲब गावाजवळ सापडतो. तेथील वालुकाश्माला 'स्लिकरॉक', म्हणजे निसरडा खडक, असे नाव पडले आहे. का? तर पूर्वी घोड्यांचे लोखंडी नाल त्यावरून घसरत. पण रबरी टायरांना तोच खडक कोरडा असताना पॉलिशपेपरसारखा घट्ट धरतो. त्यामुळे पाहणाऱ्याच्या छातीत धडकी भरेल असे चढ तेथे जीप सावकाश चढून जातात. तेव्हा 'निसरडा' हा गुण एकट्या खडकाचा नसतो; तो खडक व त्यावर टेकलेली वस्तू या जोडीचा असतो. डोळ्यांना भयंकर दिसणारा चढ सोपा असू शकतो, आणि रेव पसरलेला साधा उतार घात करू शकतो.

टायरमधील हवा

अशा वाटेला लागण्यापूर्वी अनुभवी चालक टायरमधील थोडी हवा सोडून देतात. पेट्रोल पंपावर आपण '२८ पौंड हवा' म्हणतो, तेव्हा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २ किलोग्रॅम दाब असतो. एका चाकावर ३२५ किलोग्रॅम भार असेल, तर ढोबळमानाने १६२ चौ. सें.मी. एवढा टायर जमिनीला टेकतो. हवा १४ पौंडांवर आणली, की टेकलेली जागा दुप्पट होते.

येथे एखादा चौकस विद्यार्थी विचारील, "घर्षण क्षेत्रफळावर अवलंबून नसते, असे गुरुजींनी शिकवले आहे. मग याचा उपयोग काय?" शंका रास्त आहे. तो नियम दोन घट्ट, सपाट पृष्ठभागांना चांगला लागू पडतो. वाळूत किंवा चिखलात मात्र जमीनच दबते व सरकते. तेथे भार जास्त जागेवर पसरला, तर चाक कमी रुतते. खडकावर मऊ झालेला टायर खडकाच्या उंचवट्यांना लपेटतो, त्याचे रबर फटींत शिरून अडकते. नियम चुकीचा नाही. त्याची हद्द कोठे संपते, हे ओळखणे महत्त्वाचे. अर्थात हवा फार कमी केली तर टायर चाकावरून निसटू शकतो, आणि सडकेवर परतताच ती पुन्हा भरावी लागते.

गाडीचे पोट

घर्षण भरपूर आहे, ताकदही आहे. तरी गाडी अडू शकते. कारण तिचे पोट दगडावर टेकते! येथे भूमितीचा अंमल सुरू होतो. पुढच्या चाकापुढे गाडीचे नाक किती बाहेर आले आहे, यावर ती किती उभ्या चढाला तोंड देऊ शकेल हे ठरते. मागच्या बाजूचा कोन तिची शेपटी उतरताना घासेल की नाही, हे सांगतो. तिसरा कोन पोटाचा. उंचवट्यावरून जाताना पुढची चाके पलीकडे उतरतात, मागची अलीकडे असतात, आणि मधला भाग माथ्यावर टेकतो.

हा कोन तुम्हीही काढू शकता. समजा, पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर २.४ मीटर आणि पोटाची जमिनीपासून उंची २४ सें.मी. आहे. निम्मे अंतर १.२ मीटर; ०.२४ ÷ १.२ = ०.२, ज्याचे टॅन ०.२ आहे तो कोन सुमारे ११.३ अंश, त्याची दुप्पट २२.६ अंश. तेवढीच उंची ठेवून चाकांतील अंतर ३ मीटर केले, तर हा कोन १८ अंशांवर येतो. म्हणून लांबलचक, ऐटबाज गाडी जेथे पोटावर बसते, तेथून चिमुकली जुनी जीप निघून जाते. तिच्या चाकांतील अंतर केवळ २.०३ मीटर होते.

बैलगाडी, ट्रॅक्टर आणि ते कोडे

आता सुरुवातीच्या कोड्याकडे वळू. वळण घेताना बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर जावे लागते. बैलगाडीत याची अडचण येत नाही, कारण तिची चाके आखाभोवती स्वतंत्रपणे फिरतात. पण मोटारीत इंजिनाने चाकांना फिरवायचे असते. दोन्ही चाके एकाच दांड्याला पक्की जोडली, तर वळताना एक चाक फरफटत जाईल. म्हणून आसाच्या मध्ये दातेरी चक्रांची एक जुळणी बसवितात. तिला डिफरन्शियल म्हणतात. तिच्यामुळे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरता येते.

पण डिफरन्शियलचा दुसरा गुणधर्म असा की, ते दोन्ही चाकांना नेहमी सारखाच टॉर्क देते. हवेत लटकणारे चाक फिरवायला टॉर्क जवळजवळ लागतच नाही. म्हणून त्याच्या जोडीदारालाही तेवढाच, म्हणजे जवळजवळ शून्य, टॉर्क मिळतो! पुढच्या आसावरचे एक व मागच्या आसावरचे एक चाक अधांतरी झाले, की दोन्ही आसांची हीच गत होते. आपली जीप अडली ती यामुळे. शक्ती कमी होती म्हणून नव्हे, तर शक्ती सोपी वाट शोधून निसटून गेली म्हणून.

यावर उपाय म्हणजे गरजेपुरते डिफरन्शियल बंद करणे, म्हणजे दोन्ही चाके एकमेकांना जखडणे. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी शेती आहे, त्यांनी ट्रॅक्टरवर यासाठी असलेले पेडल पाहिले असेल. एक चाक चिखलात फिरू लागले, की चालक ते दाबतो आणि ट्रॅक्टर बाहेर पडतो. वळण्यापूर्वी मात्र ते सोडावे लागते. का, ते आता तुम्हीच सांगा. दुसरा उपाय आणखी सोपा: चारही चाके जमिनीवर राहतील अशी रेघ निवडणे, किंवा लटकणाऱ्या चाकाखाली दगड रचणे.

अडचणींचा गुणाकार

गाडी बाजूला कलली, तर तिच्या गुरुत्वमध्यातून जाणारी उभी रेषा खालच्या चाकांच्या बाहेर पडताच ती उलटते. दोन बाजूंच्या चाकांतील अंतर १.२४ मीटर आणि गुरुत्वमध्य ६५ सें.मी. उंचीवर धरला, तर ही मर्यादा सुमारे ४४ अंशांवर येते. टपावर सामान लादून गुरुत्वमध्य ८५ सें.मी. वर गेला, की ती ३६ अंशांवर घसरते. शिवाय हे गणित उभ्या गाडीचे झाले. हलत्या गाडीचे चाक अचानक दगडावरून घसरले, तर याहून कमी कलावरही ती उलटू शकते.

आता वाट खरी अवघड कशी होते, ते सांगता येईल. एकटा चढ, एकटा धोंडा किंवा एकटा कल यांना उपाय असतो. पण चढावरच धोंड्यांची पायरी आहे, त्याच जागी वाट एका बाजूला कललेली आहे, खाली सुटी रेव आहे, आणि पायरी चढताच वळायचे आहे, असे झाले म्हणजे एकाचा उपाय दुसऱ्याचा अपाय होतो. रेवेवरून जाण्यासाठी वेग वाढवावा, तर गाडी उसळून उलटण्याची भीती. सावकाश जावे, तर चाक जागीच फिरते. धोंडा टाळायला बाजूला सरावे, तर कल वाढतो. रुबिकॉनची वाट अवघड मानतात ती अशा जागा एकामागून एक येतात म्हणून. त्यात गॅरेज दूर, पाऊस आला की कोरडा कातळ ओला, आणि मागे फिरायचे तर आलेल्याच धोंड्यांवरून परतायचे. म्हणून तेथे कसलेले चालकही एकटे जात नाहीत. अवघड जागी एक जण खाली उतरतो, पुढे उभा राहून चारही चाकांकडे पाहतो आणि हाताच्या खुणांनी चालकाला वाट दाखवितो. 'येथून जाता येणार नाही' असे तो म्हणाला, तर मागे फिरतात. तो भित्रेपणा नव्हे. तेही मोजमापच आहे.

वाटेचाही विचार

जागी फिरणारे चाक गाडी हलवीत नाही, पण जमीन मात्र उकरते. सुटलेली माती पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यात जाते. रुबिकॉनच्या वाटेवर गर्दी वाढली तसा हा प्रश्न गंभीर झाला. मातीची धूप, सांडलेले तेल व माणसांची घाण यांमुळे पाणी दूषित होऊ लागले. २००९ साली तेथील जलगुणवत्ता नियंत्रण मंडळाने एल डोराडो काउंटी व वन खाते यांना सुधारणा करण्याचा आदेश दिला. पाण्याला वाट काढून देणे, ओढ्यांवर पूल बांधणे अशी कामे पुढे हाती घेण्यात आली. जो चालक चाक न घसरू देता वाट पार करतो, तो आपली गाडी वाचवितो आणि डोंगरही वाचवितो. कौशल्य आणि काळजी येथे एकच होतात.

करून पहा

एक गुळगुळीत लाकडी फळी, लाकडाचा एक ठोकळा, सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा आणि पत्र्याचा एक तुकडा घ्या. ठोकळ्याच्या एका बाजूला ट्यूब व विरुद्ध बाजूला पत्रा चिकटवा. फळीचे एक टोक हळूहळू उचला. ठोकळा घसरू लागताच थांबा. उचललेल्या टोकाची उंची व त्याच्या थेट खालच्या बिंदूपासून फळीच्या टेकलेल्या टोकापर्यंतचे अंतर मोजा. उंचीला या अंतराने भागले, की घर्षणांक मिळेल. उदाहरणार्थ, ३० सें.मी. ÷ ५० सें.मी. = ०.६. आधी पत्रा खाली ठेवून, मग रबर खाली ठेवून प्रयोग करा. मोॲबच्या घोड्याचा नाल आणि जीपचा टायर यांतील फरक तुमच्या टेबलावर दिसेल. नंतर फळीवर चिमूटभर बारीक वाळू पसरा. पुढच्या खेपेस फळी ओली करा. प्रत्येक वेळी तीन मोजमापे घेऊन सरासरी काढा.

शेवटी दोन प्रश्न. ठोकळ्यावर वजन ठेवले, तर घसरण्याचा कोन बदलतो का? आणि ठोकळा उभा ठेवला, तर तो आधी घसरतो की आधी उलटतो? उत्तरे पुस्तकात शोधू नका. फळी उचला, तीच सांगेल.